मसावि आणि मंचुरियन

हॉटेलांवर टीका लिहिणारे लोक एकटे किंवा फार तर दुकटे जेवायला जात असावेत, असा माझा समज आहे. पोटात भूक, खिशात पैसे आणि समोर एकच माणूस असला की कुठल्याही पदार्थाशी शांतपणे दोन शब्द बोलता येतात. पण आपल्यासारख्या पगारदार माणसाच्या वाट्याला हॉटेलचं जेवण येतं ते घोळक्याने. आणि घोळक्यात पदार्थाची चव कळायच्या आधी माणसांची कळते. तेव्हा प्रस्तुतचं परीक्षण हे चौदा माणसांनी एका शाकाहारी चायनीज हॉटेलात एकत्र केलेल्या जेवणाचं आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. त्यात गुण कमी पडले तर तो दोष सर्वस्वी भटारखान्याचा समजू नये.

निमित्त होतं आमच्या शाखेतल्या दफ्तरींच्या निवृत्तीचं. सगळी शाखा त्यांना भाऊ म्हणते. मूळचे मालवणकडचे. कुठलं जुनं व्हाउचर कुठल्या गठ्ठ्यात आहे हे संगणकाला ठाऊक नसतं, भाऊंना असतं. असा माणूस महिनाअखेरीस निघणार, त्याला काहीतरी जेवण द्यावं, असं ठरलं. 2015 सालच्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली, तेव्हापासून आमचे सगळे निरोप दुसऱ्या शनिवारी होतात. व्यवस्था माझ्याकडे आली. कारण मी कॉमर्सचा पदवीधर. शाखेतले अर्धे लोक कॉमर्सचेच पदवीधर आहेत, पण ते हिशेब नीट ठेवतात ही गोष्ट त्यांनी आजवर लपवून ठेवली आहे.

जेवायचं कुठे, यावर सभा झाली. उडुपी नको, कारण तिथे आम्ही एरवीही जातो. पंजाबी नको, कारण हेडकॅशियरना तुपातेलाचं पथ्य आहे. गुजराती थाळी नको, कारण मॅनेजरसाहेबांच्या मते तिथे माणूस निवृत्त होणाऱ्याविषयी दोन शब्द बोलायला उभा राहिला की वाढपी त्याच्या पानात श्रीखंड ओततो. मालवणी खानावळीचं नाव मात्र कोणी घेतलंच नाही. नाकारण्यासाठीसुद्धा घेतलं नाही. मीही घेतलं नाही. शाखेत तीन जण असे आहेत की जिथे मांसमच्छी शिजते त्या हॉटेलचं पाणीही पीत नाहीत, आणि कर्जविभागातल्या ताई कांदा-लसूणही खात नाहीत. शेवटी कोणीतरी म्हणालं, “मग चायनीज! प्युअर व्हेज!” आणि चौदाच्या चौदा चेहरे उजळले. म्हणजे तेरा उजळले. भाऊ पाणी प्यायला गेले होते. परत आल्यावर त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “चलात.”

शाळेत आपण मसावि काढायला शिकलो, त्याचा आयुष्यात कधी उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. घोळक्याचं जेवण हा शुद्ध मसावि असतो. सगळ्यांना ज्याने भाग जातो ते काढायचं. आणि मसाविचा नियम असा, की तो त्या गटातल्या सगळ्यात लहान संख्येहून मोठा होऊ शकत नाही. पंक्तीत एक जण ‘काहीही चालतं’ म्हणणारा आणि एक जण ‘एवढंच चालतं’ म्हणणारा असला, तर हॉटेल कोण ठरवतो हे सांगायला गणिती नको.

हॉटेलच्या दारावर हिरव्या अक्षरांत ‘शंभर टक्के शाकाहारी’ अशी पाटी होती. बँकेत वीस वर्षं काढल्यावर शंभर टक्के म्हटलेल्या कुठल्याही गोष्टीचा मला संशय येतो, पण ही पाटी खरी होती. आत लाल कंदील, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन, गल्ल्यावर गणपती, त्याच्या शेजारी हसरा बुद्ध. दोघांचंही पोट सारखंच सुटलेलं असल्यामुळे त्यांचं बरं जमलेलं दिसलं. मध्ये एक भलं मोठं गोल टेबल, त्यावर काचेची फिरती तबकडी. कोपऱ्यात चौघांचं एक लहान टेबल, आणि त्याला लागून रंगीत माशांची काचेची टाकी. त्या शंभर टक्क्यांतले मासे तेवढेच.

गोल टेबलाला दहा खुर्च्या होत्या. माणसं चौदा. कोणी कुठे बसायचं याची चर्चा सुरू व्हायच्या आत भाऊ जाऊन लहान टेबलाशी बसले. ज्याचा समारंभ तोच कोपऱ्यात! मॅनेजरसाहेब म्हणाले, “अहो भाऊ, तुम्ही इकडे या, मध्ये!” भाऊ म्हणाले, “मी हय बरो आसंय, साहेब.” दोनदा आग्रह झाला, तिसऱ्यांदा मेनूकार्ड आलं. मग मी आणि दोन नवी पोरं भाऊंच्या टेबलावर गेलो.

आता पदार्थांविषयी.

सूप: मंचाव. चौदा माणसांत पाच सुपं मागवून ती ‘वन बाय थ्री’ करायला सांगण्यात आली. पाच त्रिक पंधरा होतात, तेव्हा एक भाग उरेल तो कोणाचा, यावर मोठ्या टेबलावर मतभेद झाला. सुपाचा रंग पाटाच्या पाण्यासारखा, चव आलं-लसणाच्या काढ्यासारखी, आणि वर तळलेल्या नूडल्सचा चुरा. सर्दी झालेल्यांना लाभदायक.

मंचुरियन: हा या हॉटेलचा महापदार्थ. त्याच्या पोटात कोबी होता, की फ्लॉवर, की आदल्या दिवशीचं आणखी काही, याचा निर्णय होऊ शकला नाही. आमच्याकडे ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. मंचुरियन हे चायनीज जेवणातलं सस्पेन्स खातं आहे. ते मंचुरियातून आलेलं नाही. त्याचं श्रेय सामान्यतः नेल्सन वँग यांना दिलं जातं. हे कोलकात्यात जन्मलेले चिनी गृहस्थ. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात 1975 साली कोणा गिऱ्हाइकाने काहीतरी नवं मागितलं, तेव्हा त्यांनी आपलंच आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, अशी हकिकत सांगतात. त्या मूळ पदार्थात कोंबडी होती. कोंबडी गेली आणि फ्लॉवर आला, तो मागाहून. त्यानंतर लाल रंग आला, आणि तो इतका आला की 2024 साली कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा नगरपालिकेने तर जत्रेतल्या आणि गाड्यांवरच्या गोबी मंचुरियनविरुद्धच ठराव केला. जन्मून पुरती पन्नास वर्षं व्हायच्या आत ज्याच्यावर दोन राज्यांत बंदीची भाषा झाली, असा दुसरा भजीचा प्रकार मला ठाऊक नाही.

मी हे हसत लिहितो आहे, पण ज्यांनी हे जेवण आपल्याला दिलं त्यांची गोष्ट हसण्यासारखी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टोंग अछू नावाचा एक चिनी माणूस कोलकात्याच्या खाली हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढून बसला. त्याच्या नावावरून आजही त्या गावाला अछिपूर म्हणतात. पुढे हाक्का लोक आले. मेनूकार्डात नूडल्सच्या मागे ‘हक्का’ लागतं ते याच लोकांचं नाव. बऱ्याच जणांनी कोलकात्यात टांग्र्याला चामडं कमावण्याचा धंदा केला, कारण तो करायला दुसरे फारसे तयार नव्हते. मग खानावळी काढल्या. गिऱ्हाईक म्हणेल तसं तिखट वाढवलं, गिऱ्हाईक म्हणेल ते मांस काढलं. 1962 साली चीनशी युद्ध झालं तेव्हा यांच्यापैकी सुमारे तीन हजार माणसांना आगगाडीत बसवून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काहींना तिथे वर्षंच्या वर्षं काढावी लागली. इतकं होऊनही जे राहिले ते राहिले, आणि जेवायला घालत राहिले. दुसऱ्याच्या मसाविवर सगळं आयुष्य बसवायचं म्हणजे काय, ते त्यांना विचारावं.

फ्राइड राइस आणि नूडल्स: फिरत्या तबकडीवर आले आणि फिरतच राहिले. हेडकॅशियरनी भात आपल्याकडे ओढावा, त्याच क्षणी कर्जविभागाने नूडल्स आपल्याकडे ओढाव्यात, आणि तबकडीने दोघांच्या मध्ये अर्धवट थांबून आमच्या मंजुरीच्या फायलींची आठवण करून द्यावी, असा प्रकार चालला. चिनी लोक ताटं मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून खातात. आपण तीच ताटं मध्ये ठेवतो आणि लक्ष दुसऱ्याच्या वाटीकडे ठेवतो. लहान टेबलाला तबकडी नव्हती. मोठ्या टेबलावरून प्रदक्षिणा पूर्ण झालेला ऐवज आमच्याकडे येई. भाऊ ती वाटी आधी दोन्ही पोरांना, मग मला देत आणि तळाचं आपण घेत. समारंभ त्यांचा होता, हे पुन्हा सांगतो.

अमेरिकन चॉप्सी: चीनमधून निघाली, अमेरिकेतल्या चिनी खानावळींत वाढली आणि आपल्याकडे येऊन टोमॅटो सॉसमध्ये बुडाली. पासपोर्ट उत्तम, चव गोड.

कांदा-लसूण वर्ज्य असा एक फ्राइड राइस कर्जविभागाच्या ताईंसाठी वेगळा मागवला होता. वेटरने कपाळाला आठ्या घालून “जैन चायनीज” असं आत ओरडून सांगितलं, आणि आम्ही सगळे हसलो. आमचं हसणं अडाणीपणाचं होतं, असं मी आता नोंदवून ठेवतो. चीनमध्ये बौद्ध मठांतलं जेवण शतकानुशतकं शाकाहारी आहे. 502 ते 549 या काळात राज्य करणाऱ्या लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने भिक्षूंना मांस आणि मद्य बंद केलं होतं. त्या मठांतल्या स्वयंपाकात कांदा आणि लसूणही चालत नाही. तिथे सोयाबीनचं टोफू करतात, गव्हाच्या पिठातला चिकट अंश धुऊन काढून त्याचे मांसासारखे तुकडे करतात, अळंबी आणि बांबूचे कोंब घालतात. म्हणजे त्या दिवशी चौदा जणांत खऱ्या चिनी शाकाहाराच्या सगळ्यात जवळ कोणी असेल, तर त्या ताईच होत्या. आणि शंभर टक्के शाकाहारी अशा त्या हॉटेलात टोफू नव्हतं, पनीर होतं.

शेजवान: ‘नूडल्स तिखट का नाहीत’ असं कोणीतरी म्हणाल्यावर एक वाडगाभर लाल चटणी आली. एका पोराने ती चमचाभर खाल्ली आणि तो टाकीतल्या माशासारखा तोंड उघडमीट करू लागला. भाऊंनी त्याला पाणी दिलं, भात दिला, आणि आपण बोटाच्या टोकाने चटणी चाखून पाहिली.

“नुसती मिरची आणि लसूण,” ते म्हणाले. “मिरची ओरडता, बाकी कोण बोलणा नाय. तिरफळ तरी घालूचा.”

मी म्हटलं, “भाऊ, चायनीजमध्ये तिरफळ कुठून येणार?”

“तसा नाय,” ते म्हणाले, “सांगतंय आपला. बांगड्याक घालतत तसा.”

आणि मग ते टाकीकडे बघत बसले. टाकीत एक लालभडक मासा काचेला तोंड लावून थांबला होता. भाऊ म्हणाले, “हे खावचे नाय. बघूचे.” तक्रारीचा सूर नव्हता. एखादा गठ्ठा कुठल्या सालचा आहे हे सांगावं तसं सांगितलं.

माझ्या घशाखाली नूडल्स उतरेनात, त्या सॉसमुळे नव्हे. आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत सगळे मधल्या मोठ्या टेबलावर बसतात. भाऊ स्टेशनरीच्या कपाटाशेजारी, खिडकीजवळच्या लहान टेबलावर बसतात. वास येतो म्हणून. त्यांना तिथे बसायला कोणी सांगितलं, याचं सर्क्युलर सापडणार नाही. पण मी त्या शाखेत गेलो तेव्हापासून ते तिथेच आहेत. कागदावर नसलेले नियमच आमच्याकडे सगळ्यात चोख पाळले जातात. कोपऱ्यातलं टेबल दिसलं की माणूस आपण होऊन तिकडे चालू लागतो, मग तो त्याचा निरोपसमारंभ का असेना.

आणखी एक कबुली. मी स्वतः घरी मासे खातो. डब्यात मात्र मटकी, फरसबी, कोबी नेतो. त्या दिवशी नूडल्स चिवडत मी मनातल्या मनात हजेरी घेतली. कोणाच्या मुलाच्या लग्नात कोणी कोणत्या रांगेत ताट धरलं होतं, ते आठवून मोजलं. चौदा माणसांत घरी किंवा बाहेर सामिष खाणारे नऊ निघाले. नऊ! आणि ऑफिसात आपला डबा मोकळेपणाने उघडणारा एक. बाकी आठ जण मटकीच्या आड लपलेले. तिघांना मासे चालत नाहीत हे त्यांनी सरळ सांगितलं, त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तो आठांवर, आणि त्यात पहिलं नाव माझं आहे.

बिल: रुपये 8,320. त्यावर केंद्राचा कर अडीच टक्के म्हणजे 208, राज्याचा अडीच टक्के म्हणजे 208, एकूण 8,736. भाऊ पाहुणे, तेव्हा भागिले तेरा. प्रत्येकी 672 रुपये, बाकी शून्य. इतका सुरेख भागाकार बँकेतल्या नोकरीतही क्वचितच पाहायला मिळतो. तरी एकाने “मी चॉप्सी घेतली नव्हती,” असं म्हणून पाहिलंच. भाऊंनी खिशात हात घातला. त्यांना सगळ्यांनी अडवलं. एका कामात मात्र तेराही जण एकजुटीने उठले, याची नोंद केली पाहिजे.

घरी येऊन मी तिरफळाचा शोध घेतला. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणाचा खरा मान मिरचीपेक्षा तिथल्या एका लहान फळाच्या सालीला आहे. तिने जीभ झिणझिणते, बधिरते. चिनी भाषेत त्या चवीला ‘मा-ला’ म्हणतात. ‘मा’ म्हणजे बधिर करणारं, ‘ला’ म्हणजे तिखट. आपल्या हॉटेलांतल्या शेजवान चटणीत ‘ला’ भरपूर असतं, ‘मा’चा पत्ता नसतो. आणि ते फळ म्हणजे आपल्या तिरफळाचं सख्खं चुलत भावंड, एकाच वंशातलं. तिरफळ फक्त माशांतच पडतं असंही नाही. गोव्या-कारवारकडच्या घरांत ते शाकाहारी आमटीतही घालतात. म्हणजे त्या हॉटेलाला शंभर टक्के शाकाहारी राहूनही ते घालता आलं असतं. आणि म्हणजे इतकी वर्षं सिचुआनच्या सगळ्यात जवळचा पदार्थ आमच्या शाखेतच रोज येत होता, आणि आम्ही त्याला स्टेशनरीच्या कपाटाशेजारी बसवून सहाशे बहात्तर रुपयांना बाहेर शोधत होतो.

तरीही या जेवणाविषयी माझं मत अगदीच प्रतिकूल नाही. हे अन्न म्हणून नापास, पण तह म्हणून पास आहे. चायनीज आमच्यापैकी कोणाच्याच घरचं नव्हतं. त्यामुळे ‘आमच्याकडे असं नाही करत’ हे वाक्य दोन तासांत एकदाही ऐकू आलं नाही. परक्या भाषेत भांडण जमत नाही, तसं परक्या जेवणात सोवळंही जमत नाही. चौदा माणसं एका छपराखाली बसली, हे मंचुरियनचं पुण्य त्याच्या खात्यावर जमा केलंच पाहिजे. फक्त तहातलं एक कलम राहून गेलं होतं: ज्याच्यासाठी जेवायचं त्याला आधी विचारायचं.

सोमवारी दुपारी मी माझा मटकीचा डबा उचलला आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसलो. दोन्ही पोरंही आली. तीन खुर्च्यांना तिथे जागा नव्हती, म्हणून स्टेशनरीचं कपाट वीतभर सरकवावं लागलं. मोठ्या टेबलावर क्षणभर शांतता झाली, मग पुन्हा बोलणं सुरू झालं. भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी डब्याच्या झाकणात बांगड्याचा एक तुकडा आणि दोन चमचे तिखलं काढून माझ्याकडे सरकवलं. दोन घासांत जिभेचं टोक झिणझिणायला लागलं.

मी विचारलं, “भाऊ, त्या दिवशी कुठे जेवायचं असं मी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?”

भाऊंनी थोडा विचार केला. “चलात म्हटलं असतं,” ते म्हणाले. मग माझ्या झाकणाकडे बोट दाखवत म्हणाले, “पण विचारूचा होता. आणि ता तिरफळ चावू नका. तोंड कडू जातला.”